विश्लेषण : पारा ३८ वर, तरीही उष्माघात कसा? घराबाहेर पडण्याआधी कोणते आकडे पाहावेत?

उन्हाळा सुरू झाला की रोज संध्याकाळी मोबाइलवर तापमानाची यादी येऊन धडकते. चंद्रपूर ४४, अकोला ४३, जळगाव ४२ आणि अगदी तळाशी मुंबई ३४. ही यादी पाहून मुंबई-ठाण्यातला वाचक सुटकेचा श्वास टाकतो. मात्र एकाच कार्यक्रमात १४ जणांचा बळी घेणारी दुर्घटना चंद्रपूर किंवा अकोल्यात नव्हे, तर नवी मुंबईत घडली होती. त्या दिवशी पारा चाळिशीलाही पोहोचला नव्हता. असे का होते? ऊन 'लागते' म्हणजे शरीरात नेमके काय होते? आणि बाहेर पडणे टाळता येत नसेल तर काय करावे?

खारघरमध्ये काय घडले होते?

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्कार प्रदान सोहळा झाला. खुल्या मैदानात लाखोंचा समुदाय जमला होता. बसलेल्या लोकांच्या डोक्यावर छप्पर नव्हते. अनेक जण कित्येक तास आधीच येऊन बसले होते. सोहळा दुपारपर्यंत चालला आणि त्यानंतर शेकडो लोकांना त्रास सुरू झाला. उष्माघाताने मृत्युमुखी पडलेल्यांची संख्या अखेर १४ वर गेली. जवळच्या हवामान केंद्रावर त्या दिवशी कमाल तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास नोंदले गेले होते. या घटनेनंतर राज्य सरकारने त्या उन्हाळ्यापुरते दुपारी १२ ते ५ या वेळेत खुल्या जागेत कार्यक्रम न घेण्याचा निर्णय घेतला.

असाच प्रकार ६ ऑक्टोबर २०२४ रोजी चेन्नईत घडला. मरीना किनाऱ्यावर हवाई दलाच्या कसरती पाहायला प्रचंड गर्दी लोटली होती. त्या दिवशी पाच जणांचा मृत्यू झाला. महिना ऑक्टोबरचा आणि तापमान ३५ अंशांच्या आसपास होते. दोन्ही ठिकाणांत तीन गोष्टी समान होत्या : समुद्राकाठची दमट हवा, डोक्यावर थेट ऊन आणि तासन् तास जागेवरून हलता न येणारी गर्दी.

शरीर स्वतःला थंड कसे ठेवते?

निवांत बसलेला माणूसही साधारण १०० वॉटच्या जुन्या पिवळ्या बल्बइतकी उष्णता तयार करत असतो. चालायला लागले, ओझे उचलले की ही उष्णता तिप्पट-चौपट होते. ती बाहेर टाकली नाही, तर शरीराचे तापमान ३७ अंशांच्या वर चढू लागते.

हवा थंड असताना हे काम आपोआप होते. त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते; हवा त्याहून थंड असेल तर उष्णता त्वचेकडून हवेकडे जाते. हवा ३५ अंशांच्या पुढे गेली की गणित उलटते आणि हवाच शरीराला तापवू लागते. मग शरीराकडे एकच साधन उरते, ते म्हणजे घाम.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. घाम येण्याने शरीर थंड होत नाही, घाम वाळण्याने होते. एक लीटर घाम त्वचेवर पूर्ण वाळला, तर तो सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. तोच घाम कपाळावरून निथळून जमिनीवर पडला, तर शरीरातले पाणी आणि मीठ जाते, पण थंडावा मिळत नाही.

कूलर नागपुरात चालतो, मुंबईत का नाही?

घाम आणि कूलर यांचे तत्त्व एकच आहे. कूलरमध्ये ओल्या वाळ्याच्या ताट्यांतून कोरडी हवा खेचली जाते, पाण्याची वाफ होते आणि हवा गार होते. माठही याच नियमाने पाणी गार करतो. नागपूरच्या मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की ती पाणी भराभर शोषून घेते. मुंबईच्या हवेत आधीच भरपूर बाष्प असते. त्यामुळे तिथे कूलर लावला तर खोली गार होण्याऐवजी चिकचिक वाढते. माठातले पाणीही विदर्भातल्याइतके गार होत नाही.

ज्या हवेत कूलर चालत नाही, त्या हवेत घामही नीट चालत नाही. कोकण किनारपट्टीवर 'घामाच्या धारा लागल्या' असे आपण म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात घाम वाळत नसल्याची ती तक्रार असते.

आकड्यांत हा फरक किती पडतो?

तापमान आणि आर्द्रता एकत्र करून शरीराला हवा किती गरम जाणवेल, हे सांगणारा निर्देशांक म्हणजे उष्णता निर्देशांक. मोबाइलच्या हवामान ॲपमध्ये 'फील्स लाइक' म्हणून दिसणारा आकडा याच प्रकारचा असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या सूत्रात तीन उदाहरणे घालून पाहू :

- ४३ अंश तापमान, १० टक्के आर्द्रता : जाणवते सुमारे ४० अंश
- ३८ अंश तापमान, ४५ टक्के आर्द्रता : जाणवते सुमारे ४६ अंश
- ३४ अंश तापमान, ७० टक्के आर्द्रता : जाणवते सुमारे ४७ अंश

म्हणजे यादीत तळाला असलेले ३४ अंशांचे दमट शहर शरीरासाठी ४३ अंशांच्या कोरड्या शहराहून जड ठरू शकते. शिवाय हे आकडे सावलीतले आहेत. थेट उन्हात उभे राहिले तर त्यात आणखी आठ अंशांपर्यंत भर पडू शकते. बातम्यांतले तापमानही सावलीतलेच असते. हवामान केंद्रातला तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत ठेवलेला असतो. डांबरी रस्त्यावर सिग्नलला थांबलेल्या दुचाकीस्वाराच्या वाट्याला येणारी उष्णता त्यात मोजली जात नाही.

शास्त्रज्ञ यासाठी 'वेट बल्ब' तापमानही वापरतात. तापमापकाच्या फुग्यावर ओले कापड गुंडाळून हवा खेळती ठेवली की जो आकडा मिळतो, तो हा. थोडक्यात, पाणी वाळून जास्तीत जास्त किती थंडावा मिळू शकेल याची ती मर्यादा असते. वरच्या पहिल्या उदाहरणात वेट बल्ब सुमारे २० अंश येतो, तर तिसऱ्यात सुमारे २९. माणूस ३५ अंश वेट बल्बपर्यंत तग धरू शकेल असे अनेक वर्षे मानले जात होते. अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठाने तरुण, निरोगी व्यक्तींवर केलेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मात्र दमट हवेत ही मर्यादा ३० ते ३१ अंशांच्या आसपासच असल्याचे दिसले. त्यापुढे हलक्या हालचालीतही शरीराचे तापमान चढत राहिले. वयस्कर आणि आजारी व्यक्तींसाठी ही मर्यादा आणखी खाली असणार, हे उघड आहे.

मग विदर्भातला कोरडा उन्हाळा सुरक्षित आहे का?

मुळीच नाही. तिथला धोका वेगळ्या प्रकारचा आहे. कोरड्या हवेत घाम आला हे कळण्याआधीच तो वाळतो. अंग कोरडे दिसते, त्यामुळे पाणी कमी पडते आहे याची जाणीव उशिरा होते. ४३-४४ अंशांची झळ अंगावर आली की ती शरीरात उष्णता भरत राहते. घाम वाळून शरीर ती बाहेर टाकत असते, पण त्यासाठी पाण्याचा पुरवठा अखंड हवा. पाणी संपले की हा सगळा फायदा संपतो.

म्हणून दोन्हीकडचे नियम थोडे वेगळे आहेत. विदर्भ, मराठवाडा, खान्देशात तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पिणे आणि अंग झाकणे सर्वांत महत्त्वाचे. कोकणात आणि मुंबई परिसरात नुसते पाणी पिऊन भागत नाही. तिथे सावली, वारा आणि विश्रांती यांना जास्त महत्त्व आहे. उन्हात बसून बाटल्यांमागून बाटल्या रिचवल्या, तरी न वाळणारा घाम शरीर थंड करू शकत नाही.

उष्णतेची लाट कधी जाहीर होते?

भारतीय हवामान विभागाच्या निकषांनुसार मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश आणि किनारपट्टीवर किमान ३७ अंश असावे लागते, आणि ते सरासरीपेक्षा ४.५ अंश किंवा त्याहून अधिक असावे लागते. मैदानी भागात पारा थेट ४५ वर गेला तर सरासरी न पाहताही लाट मानली जाते. ४७ च्या पुढे ती तीव्र लाट ठरते. दिवसाबरोबर रात्रीचे तापमानही सरासरीहून बरेच वर राहिले, तर 'उष्ण रात्री'चा इशारा दिला जातो. तो गांभीर्याने घ्यायला हवा, कारण दिवसभर तापलेल्या शरीराला सावरायला रात्रच मिळते.

यलो, ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर सावध राहायलाच हवे. पण अलर्ट नाही म्हणजे धोका नाही, असा अर्थ काढू नये. ३४ अंशांच्या दमट दिवशी किनारपट्टीवर लाटेचा निकष पूर्ण होणार नाही. तरीही त्या दिवशी मैदानात शर्यत ठेवली, तर धावणाऱ्यांपैकी कुणी कोसळू शकतो. जून २०१४ मध्ये मुंबईतील पोलीस भरतीत धावण्याच्या चाचणीदरम्यान तरुण उमेदवारांचे मृत्यू झाले होते.

सर्वाधिक धोका कोणाला?

वृद्ध, लहान मुले, गर्भवती, हृदयविकार, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेले रुग्ण यांचा उल्लेख नेहमीच होतो. काही औषधांमुळेही धोका वाढतो. लघवीचे प्रमाण वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या, काही मानसोपचाराची आणि ॲलर्जीची औषधे त्यांत येतात. ती परस्पर बंद करू नयेत. उन्हाळा सुरू होतानाच डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

एक गट मात्र बहुतेक वेळा विसरला जातो. तो म्हणजे 'नवा माणूस'. शरीराला उष्णतेची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. या काळात घाम लवकर आणि जास्त येऊ लागतो, घामातले मीठ कमी होते आणि हृदयावरचा ताण घटतो. अमेरिकेच्या 'ओशा' या कामगार सुरक्षा यंत्रणेच्या म्हणण्यानुसार, उष्णतेमुळे होणाऱ्या कामगारांच्या मृत्यूंपैकी जवळपास निम्मे कामाच्या पहिल्याच दिवशी आणि ७० टक्क्यांहून अधिक पहिल्या आठवड्यात होतात. गावाहून बांधकामावर आलेला मजूर, नुकतीच डिलिव्हरीची नोकरी धरलेला मुलगा, वर्षभर एसीत बसून सुट्टीत एकदम गडावर चढायला निघालेला आयटीतला तरुण, हे सगळे याच गटातले.

नव्या कामगाराला पहिल्या दिवशी उन्हातले काम नेहमीच्या २० टक्केच द्यावे आणि रोज २० टक्क्यांनी वाढवत न्यावे, असा तिथला सोपा नियम आहे. आपल्याकडच्या मुकादमाने, ठेकेदाराने आणि शेतमालकाने तो पाळायला काही खर्च येत नाही.

बाहेर पडावेच लागले तर?

- वेळ : दुपारी १२ ते ३ शक्यतो टाळा. तापमानाचा कळस बहुधा दुपारी अडीच-तीनच्या सुमारास येतो, त्यामुळे 'तीन वाजले, आता निघू' यापेक्षा चारनंतर निघणे बरे.
- सावली : छत्री, टोपी, उपरणे, दुपट्टा यांपैकी काहीतरी हवेच. छत्री सर्वांत उपयोगी, कारण ती सावलीही देते आणि वाराही अडवत नाही.
- कपडे : सैल, फिकट रंगाचे, सुती. अंगाला चिकटणारे कृत्रिम धाग्यांचे कपडे हवा खेळू देत नाहीत.
- ओले कापड : कोरड्या हवेच्या भागात मानेभोवती ओला रुमाल फार चांगले काम करतो. दमट भागात तो वाऱ्याच्या झोतात असेल तरच उपयोग.
- विश्रांती : कष्टाचे काम असेल तर ठरावीक वेळाने सावलीत बसा. थकवा येईपर्यंत थांबू नका.
- जोडी : एकट्याने काम करू नका. उष्माघातात आधी भान सुटते, त्यामुळे आपल्याला काय होते आहे हे स्वतःला कळेलच असे नाही. ते शेजारच्याला दिसते.
- गाडी : बंद मोटारीत मूल किंवा वृद्ध व्यक्तीला पाच मिनिटेही ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीतले तापमान दहा मिनिटांत सुमारे दहा अंशांनी वाढू शकते.

घरात परतल्यावर पंखा लावतानाही एक गोष्ट ध्यानात ठेवा. खोलीतले तापमान ४० अंशांच्या वर असेल, तर नुसता पंखा गरम हवाच अंगावर मारतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा इशारा आहे. अशा वेळी अंग ओले करून मग पंख्याखाली बसावे.

पाणी किती प्यावे? कोणते 'ओआरएस' खरे?

उन्हात कष्टाचे काम करताना दर १५-२० मिनिटांनी एक पेला पाणी, हे प्रमाण योग्य मानले जाते. एकदम दोन लीटर पिण्यापेक्षा थोडे थोडे पिणे चांगले. तासाला दीड लीटरच्या वर जाऊ नये; रक्तातले मीठ पातळ होऊन वेगळाच धोका उद्भवतो. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांना पाण्याची मर्यादा घालून दिलेली असते, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावे.

काही तास घाम गाळला असेल तर पाण्याबरोबर मीठही हवे. मीठ घातलेले ताक, पन्हे, कोकम सरबत, लिंबू सरबत हे आपले जुने उपाय उत्तम आहेत. ओआरएसची पुडी असेल तर पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच पूर्ण पुडी घाला. बहुतेक पुड्या एक लीटरच्या असतात. पुडी नसेल तर एक लीटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ.

दुकानात मिळणाऱ्या गोड पेयांच्या खोक्यांबाबत सावध राहा. जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण न पाळणाऱ्या पेयांवर 'ओआरएस' हा शब्द वापरण्यास देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली आहे. मद्य टाळाच, त्याने शरीरातले पाणी कमी होते आणि सावध राहण्याची क्षमताही.

ऊन लागले की उष्माघात, हे कसे ओळखावे?

डोके दुखणे, मळमळ, चक्कर, पायात गोळे येणे, भरपूर घाम आणि गळून जाणे ही सुरुवातीची लक्षणे आहेत. माणूस नीट बोलतो आहे, प्रश्नांना बरोबर उत्तर देतो आहे, तर त्याला सावलीत आडवे करा, कपडे सैल करा, अंग ओले करून वारा घाला आणि घोट घोट पाणी किंवा ओआरएस द्या. अर्ध्या तासात बरे वाटले नाही तर दवाखाना गाठा.

बरळणे, गोंधळणे, चिडून अंगावर येणे, तोल जाणे, झटके, शुद्ध हरपणे यांपैकी काहीही दिसले तर तो उष्माघात समजा. शरीराचे आतले तापमान ४० अंशांच्या वर गेलेले असते. 'अंग कोरडे असेल तरच उष्माघात' हा समज चुकीचा आहे. कष्ट करताना कोसळलेल्या माणसाचे अंग घामाने चिंब असू शकते.

पहिल्या अर्ध्या तासात काय करायचे?

उष्माघातात जीव वाचेल की नाही, हे शरीर किती लवकर थंड केले यावर बऱ्याच अंशी अवलंबून असते. म्हणून १०८ ला फोन करा आणि रुग्णवाहिकेची वाट न पाहता लगेच थंड करायला लागा.

- सावलीत न्या, जास्तीचे कपडे काढा.
- टाकी, पिंप, होज पाइप, जे हाताशी असेल त्यातले पाणी अंगभर ओतत राहा आणि सोबत वारा घाला. कोसळलेल्या तरुणाला, डोके वर धरून, बर्फाच्या किंवा गार पाण्याच्या टाकीत बसवता आले तर तो सर्वांत जलद उपाय आहे.
- बर्फ असेल तर कापडात गुंडाळून मान, काखा आणि जांघेत ठेवा.
- शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. त्याला कुशीवर वळवा.
- पॅरासिटामॉल देऊ नका. हा संसर्गाचा ताप नाही; गोळीने तो उतरत नाही, उलट यकृतावर ताण येतो.
- कांदा हुंगवण्यात किंवा अंगाला चोळण्यात वेळ घालवू नका. खिशातला कांदाही ऊन अडवत नाही. जेवणात खा, पण त्याच्या भरवशावर बाहेर पडू नका.

निघण्यापूर्वी कोणते आकडे पाहाल?

हवामान ॲप उघडल्यावर फक्त मोठ्या अक्षरातले तापमान पाहून ते बंद करू नका. तीन गोष्टी पाहा. पहिली 'फील्स लाइक'चा आकडा. तो ४० च्या पुढे असेल तर कष्टाचे काम सकाळी किंवा संध्याकाळी ढकला. दुसरी आर्द्रता, ती जास्त असेल तर पाण्याइतकीच सावलीची आणि विश्रांतीची सोय आधी पाहा. तिसरी आदल्या रात्रीचे किमान तापमान; रात्र गरम गेली असेल आणि झोप नीट झाली नसेल तर शरीर आज आधीच थकलेले आहे, हे गृहीत धरा.

सभा, लग्न, शर्यत किंवा भरती आयोजित करणाऱ्यांनी हे आकडे वेळ ठरवतानाच पाहायला हवेत. गर्दीत बसलेला माणूस मनात आले म्हणून उठून सावलीत जाऊ शकत नाही. ती सावली त्याच्या डोक्यावर आधीच असायला हवी.